न उकरता खणलेली वाट

जमीन खणायची म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कुदळ, घमेले आणि उघडा चर उभा राहतो. आधी जमीन फाडायची, मग काम करायचे आणि शेवटी माती लोटून मोकळे व्हायचे. पण वरची जमीन जशीच्या तशी ठेवून खालून वाट काढणारी एक जुनी विद्या आहे. ती वाढली वाळवंटात, तिचा एक रक्तरंजित अध्याय आमच्या वसईत घडला, आणि हल्ली ती यंत्रावर बसून आमच्या गल्लीबोळांतून हिंडते आहे. सणासुदीला वाचकांपुढे मातीची गोष्ट ठेवावी की नाही, असा विचार क्षणभर मनात आला. परंतु किल्ले करण्यासाठी पोरे अंगण उकरतात ती याच दिवसांत. तेव्हा दिवाळीत मातीलाही थोडा मान आहेच!

इराणच्या मध्यभागी पाऊस नावापुरता पडतो. डोंगराच्या पायथ्याशी खोलवर पाणी असते, पण गाव कित्येक कोस दूर. उघड्या पाटाने पाणी आणावे तर ऊन ते वाटेतच पिऊन टाकते. म्हणून तिथल्या लोकांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच पाणी जमिनीखालून आणण्याची युक्ती काढली. तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. डोंगराशी पाणी लागेपर्यंत एक विहीर खणायची. तिचे नाव आईविहीर. मग गावाच्या बाजूने तिच्या दिशेने बोगदा खणत जायचे, आणि हवेसाठी व माती वर काढण्यासाठी ठरावीक अंतरावर उभी भोके पाडायची. गोनाबादची कनात सुमारे ३३ किलोमीटर लांब असून तिची आईविहीर तीनशे मीटरांहून खोल सांगतात. उतार किती? हजार हातांत एखादा हात. जास्त दिला तर पाणी तळ कोरून बोगदाच पाडते. कमी दिला तर गाळ बसतो.

मला कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. आत अंधार, डोक्यावर कित्येक हात माती, आणि माणसाने ओळखायचे की आपण सरळ चाललो आहोत! त्यासाठी तो मागे दोन दिवे ओळीत ठेवी. एकाच्या आड दुसरा दिसला की वाट सरळ. भुसभुशीत माती लागली की भाजलेल्या मातीची मोठमोठी कडी एकापुढे एक बसवून तो बोगद्याला आतून फासळ्या घाली. वरचा गडी रहाटाने माती ओढी. वरच्या आणि खालच्या माणसांचा संबंध त्या एका दोराचा. हा संबंध वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

ही विद्या दक्षिणेत आली ती बहमनी काळात. बिदरजवळचे नौबादचे कारेझ पंधराव्या शतकातले. ते जांभ्या दगडातून कोरलेले आहे. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बुऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने कुंडी भंडारा बांधला. आणि मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी वाहू लागली. हर्सूलच्या बाजूचे पाणी गावात आले ते कुणाच्या दाराशी दिसल्यावाचून. पुढे त्याच तऱ्हेच्या नहरींवर पाणचक्कीचे जाते फिरले. निजामशाहीचा वजीर, गनिमी काव्याने मोगलांना हैराण करणारा सेनानी, एवढीच मलिक अंबरची ओळख आपण मुलांना करून देतो. ज्याने तहानलेल्या पठाराला पाणी पाजले तो मलिक अंबर धड्यात एका ओळीत संपतो.

आमच्या वसईला असला खटाटोप करावा लागला नाही. वाडीत विहीर, विहिरीवर रहाट, गावात बावखल. पाणी हाताशी होते. इथे माणसे जमिनीखाली शिरली ती पाण्यासाठी नव्हे, दारूसाठी! म्हणजे बंदुकीच्या दारूसाठी. उगीच गैरसमज नको.

१७३९ सालचा फेब्रुवारी. चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्ल्याला समुद्र, खाडी आणि दलदल यांची साथ. जमिनीची बाजू काय ती उत्तरेची, आणि तीही रेताड. उघड्यावरून चालून जावे तर तोफांच्या तोंडी. म्हणून मोर्चे पुढे सरकवत तटापर्यंत जायचे आणि बुरुजाच्या पोटाखाली सुरुंग खणायचे, असे ठरले. इथे कनातीसारखी हवेची भोके पाडण्याची सोय नव्हती. वर भोक दिसले की वैऱ्याने ते हेरलेच. खालच्या माणसाला वरचा दोर नाही, दिवा जपून, आणि पुढे किती अंतर उरले ते अंदाजाने. रेमेडिओस आणि सेबॅस्टियन या बुरुजांकडे असे सुरुंग गेले. मे महिन्यात बत्ती दिली तेव्हा काही उडाले, आणि लोक भगदाडाकडे धावले तेव्हा एक उशिरा उडाला. त्यात आपलीच माणसे सापडली. तरी सेबॅस्टियनचा बुरूज ढासळला, मराठे त्याला बिलगून बसले, आणि १६ मे रोजी (इंग्रजांच्या तेव्हाच्या कालगणनेने ५ मे) पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटींवर सही केली. २३ मे रोजी ते किल्ला सोडून गेले.

वर्गात हा वेढा शिकवताना आम्ही मास्तर मंडळी तलवारी मोजतो. कुदळी मोजत नाही. त्या रेतीत पालथे पडून बुरुजाखाली पोचलेल्यांची नावे विचारणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. भेटला तरी त्याला द्यायला माझ्यापाशी नावे नाहीत.

आता एकदम आपल्या काळात यायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीखालून १९७१ मध्ये गॅसची नळी न्यायची होती. मार्टिन चेरिंग्टन या कंत्राटदाराने चर न खणता, तेलविहिरीवाल्यांची कसब उसनी घेऊन, एका काठावरून तिरपे छिद्र पाडले आणि सुमारे ६०० फूट अंतरावर दुसऱ्या काठाला काढले. आडव्या, वळवता येणाऱ्या ड्रिलिंगचा आरंभ बहुधा इथून धरतात.

ते यंत्र आता आमच्याकडे गॅसच्या नळ्या आणि केबली टाकताना दिसते. रस्त्याच्या कडेला एक लहान खड्डा, त्यात तिरकी शिरणारी लोखंडी दांडी, मागे पुढची दांडी जोडायला माणूस. मी काही इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंतच्या भूमितीवर जेवढे समजते तेवढे उभे राहून समजून घेतले. दांडीचे तोंड तिरपे छाटलेले असते. फिरवत रेटले तर ती सरळ जाते. न फिरवता रेटले तर एका अंगाला वळते. एवढ्या साध्या युक्तीवर ती गटाराखालून, झाडाच्या मुळांखालून जाते. तोंडात एक छोटे यंत्र संदेश सोडत असते आणि रस्त्यावरून एक पोरगा हातात दुसरे यंत्र घेऊन त्याच्या मागोमाग चालतो. मी विचारले, "कुठवर आलं?" तो म्हणाला, "काका, जरा पाय उचला. तो आत्ता तुमच्या खाली आहे." खरोखरच मी पाय उचलला!

दांडी पलीकडे निघाली की तिला मोठे दातेरी तोंड लावतात, आणि छिद्र रुंद करीत ती परत ओढतात. मागून गुंडाळीतली काळी नळी सापासारखी आत जाते. छिद्र ढासळू नये म्हणून सतत पातळ गारा सोडतात. ही माती बेंटोनाइटची. पाण्यात फुगून ती छिद्राच्या भिंतींवर लेप धरते. इराणी माणसाच्या भाजलेल्या कड्यांचे काम आता हा लेप करतो. गंमत म्हणजे आपल्या देशात ही माती निघते ती कच्छात आणि राजस्थानच्या बाडमेरकडे. वाळवंटात मात्र याच यंत्राचा जीव मेटाकुटीला येतो: कोरडी वाळू छिद्रात कोसळते, गारा वाळूच पिऊन टाकते, आणि गारा कालवायला पाणीही दुरून आणावे लागते.

यंत्र आल्याने खालचा माणूस सुटला, असे मात्र समजू नये. वसई-विरारची तहान आता बावखलांवर भागत नाही. सूर्या योजनेच्या ४०३ दशलक्ष लिटरांपैकी रोज १८५ दशलक्ष लिटर पाणी आमच्या वाट्याचे. ते येण्यासाठी मेंढवणखिंडीत आणि तुंगारेश्वराच्या डोंगरात बोगदे झाले. तुंगारेश्वरचा सुमारे साडेचार किलोमीटरचा. २०२३ च्या अखेरीस ते पाणी इथे पोचले. उरलेले खाडीखालून मीरा-भाईंदरकडे न्यायचे. त्या कामासाठी ससूनवघरला खणलेल्या खोल खड्ड्याची बाजू २९ मे २०२४ रोजी ढासळली आणि पोकलेनसह तिचा चालक गाडला गेला. सैन्याची माणसे आली, कित्येक दिवस शोध चालला. खाडीकाठची माती १७३९ मध्ये होती तशीच आहे. तिला नळात कुणाचे पाणी जायचे आहे ते ठाऊक नसते.

आणि काम झाल्यावर? संभाजीनगरातल्या नहरी अनेक ठिकाणी फुटल्या, बुजल्या, त्या काही शत्रूच्या हातून नव्हे. रस्ते करणाऱ्यांना आणि पाये खणणाऱ्यांना खाली काय आहे याचा पत्ता नव्हता. ज्यांना होता ती माणसे गेली होती. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप काढले. खणणाऱ्याने आधी खालच्या नळ्या-केबलींच्या मालकांना विचारावे म्हणून. विचारणारा जेसीबीवाला मला अद्याप दिसलेला नाही, पण सोय झाली हे चांगलेच.

यंत्राच्या मागे चालणारा तो पोरगा प्रत्येक दांडीगणिक खोली एका कागदावर टिपत होता. कागद कुठे जातो म्हणून विचारले, तर म्हणाला, "हपिसात." मग त्याला चहा पाजला आणि आमच्या गल्लीपुरते आकडे माझ्या वहीत उतरवून घेतले: चिंचेपाशी दीड मीटर, पिठाच्या गिरणीसमोर एक मीटर ऐंशी, वळणावर दोनाला थोडे कमी. शेजारच्या वाडीवाल्यांना बोअर मारायची आहे. ते परवा येऊन वही बघून गेले आणि आपली जागा सहा पावले मागे घेतली.