ल बाँ मार्शे

ल बाँ मार्शे हे पॅरिस येथील डिपार्टमेंट स्टोअर आहे. या प्रकारच्या दुकानांच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या अंतर्गत रचनेने मध्यमवर्गीय स्त्रियांना घराबाहेर प्रतिष्ठेने वावरण्याची जागा दिली; मात्र ही मोकळीक ग्राहक म्हणूनच मिळाली.

इतिहास

आरिस्तीद बूसिको १८५२ मध्ये या दुकानाचे भागीदार व १८६३ मध्ये एकमेव मालक झाले. ठरावीक किंमत, माल परत करण्याची मुभा आणि खरेदीची सक्ती नसलेला प्रवेश ही त्यांच्या व्यापाराची सूत्रे होती. नव्या इमारतीचे बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८८७ मध्ये पूर्ण झाले. १८७७ मध्ये बूसिको यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी मार्गरीत यांनी व्यवसायाची सूत्रे सांभाळली.

अंतर्गत रचना

वास्तुविशारद लुई-शार्ल ब्वालो यांच्या आराखड्यात गुस्ताव्ह आयफेल यांच्या कंपनीचे लोखंडी काम होते. लोखंडी खांबांमुळे जाड भिंतींची गरज उरली नाही आणि काचेच्या छतातून प्रशस्त दालनांत उजेड आला. रुंद जिने, सज्जे व मांडून ठेवलेले कापड यांमुळे वस्तू पाहणे हाच एक विरंगुळा झाला. वाचनकक्ष, चित्रदालन व उपाहाराची सोय यांमुळे स्त्रिया तेथे बराच वेळ घालवू शकत.

स्त्रियांवरील परिणाम

१८०४ च्या नेपोलियन संहितेनुसार विवाहित स्त्री कायद्याने पतीच्या अधीन होती. स्वतःच्या कमाईवर तिला १९०७ मध्ये अधिकार मिळाला. अशा काळात घरासाठी वस्तूंची निवड करणे हे तिच्या अधिकाराचे क्षेत्र ठरले. पोशाख व गृहसजावट यांतून कुटुंबाचा सामाजिक दर्जा दाखविण्याची जबाबदारीही तिच्यावर आली. दुसरीकडे, दुकानांतील चोऱ्यांचे कारण तत्कालीन डॉक्टर स्त्रियांच्या कथित मानसिक दुर्बलतेत शोधत.

विक्रेत्या स्त्रियांचा अनुभव वेगळा होता. अविवाहित विक्रेत्यांपैकी अनेकींना इमारतीच्या वरच्या मजल्यावरील लहान खोल्यांत शिस्तीखाली राहावे लागे. नोकरीमुळे त्यांना स्वतःचे उत्पन्न मिळाले, परंतु कामाचे तास दीर्घ होते.

साहित्यात

एमिल झोला यांच्या १८८३ मधील 'ओ बॉनर दे दाम' या कादंबरीतील दुकानासाठी ल बाँ मार्शे हा एक प्रमुख आधार होता. कादंबरीतील मालक मूरे ग्राहक स्त्रियांना संपूर्ण दुकानातून फिरावे लागावे म्हणून विभागांची जाणीवपूर्वक विखुरलेली मांडणी करतो.