नेरळ–माथेरान लोहमार्गावरील डीझेल एंजिने

पनवेलच्या पूर्वेकडील माथेरान डोंगरावर नेरळहून चढणारा, सु. २० किमी. लांबीचा व ६१ सेंमी. रुंदीचा हा लोहमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधला. तो १९०७ मध्ये सुरू झाला. १:२० चढ आणि विलक्षण आखूड वळणे यांमुळे वाफेची एंजिने खास घडवून घ्यावी लागली होती. १९५५ च्या सुमारास जर्मनीतील युंग कारखान्याची डीझेल एंजिने आली. लोहखनिजाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या जीगरलँडलगतच्या या कारखान्याला खाणींतील अरुंदमापी मार्गांची लहान एंजिने बांधण्याचा दीर्घ अनुभव होता, आणि घाटात तोच उपयोगी पडला. डीझेलला वाटेत पाणी घेण्याची गरज नव्हती. ‘वॉटर पाइप’ हे स्थानकाचे नाव तेवढे टिकले. तथापि वाफेची एंजिने लगेच हटली नाहीत. १९८० नंतरच ती निवृत्त झाली.