अपेक्षित शालेय वर्षे आणि इतिहास : केनिया व टांझानिया यांच्या प्राथमिक शिक्षणाचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराची देशादेशांत तुलना करताना 'अपेक्षित शालेय वर्षे' हा निर्देशक वापरला जातो. शाळाप्रवेशाच्या वयातील बालकाला प्राथमिक शाळेत एकूण किती वर्षे मिळतील, याचा तो अंदाज होय. त्या वर्षीचे वयनिहाय पटनोंदणीचे प्रमाण पुढेही कायम राहील, हे या अंदाजामागील गृहीतक आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके हेच गृहीतक तपासावे लागते. केनिया व टांझानिया या पूर्व आफ्रिकेतील शेजारी देशांच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत निबंधात त्याची चर्चा केली आहे.

समान वारसा, भिन्न मार्ग

टांगानिका १९६१ मध्ये आणि केनिया १९६३ मध्ये ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला. १९६४ मध्ये टांगानिका व झांझिबार यांच्या एकीकरणातून टांझानिया अस्तित्वात आला. युरोपीय, आशियाई व आफ्रिकी मुलांसाठी वेगवेगळ्या शाळा हा वसाहतकालीन वारसा दोन्ही देशांच्या वाट्याला आला होता. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. स्वतः शिक्षक असलेले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ मध्ये अरुशा जाहीरनाम्यापाठोपाठ 'स्वावलंबनासाठी शिक्षण' हे धोरण मांडले. बहुसंख्य मुलांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपणार असल्याने ते स्वयंपूर्ण असावे, असा त्यांचा आग्रह होता. केनियाने खाजगी गुंतवणुकीला वाव देणारी अर्थव्यवस्था स्वीकारली. तेथे 'हरांबे' म्हणजे लोकसहभागाच्या तत्त्वावर गावोगावी शाळा उभ्या राहिल्या.

विस्ताराचे दशक

विचारसरणी भिन्न असूनही विस्ताराचे साधन मात्र दोन्हीकडे एकच होते, ते म्हणजे शुल्कमाफी. केनियात १९७४ पासून पहिल्या चार इयत्तांचे शुल्क रद्द झाले आणि पहिलीतील पटसंख्या एका वर्षात दुपटीहून अधिक झाली. परंतु बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शाळा समित्यांनी इमारत निधी आकारण्यास सुरुवात केली आणि अनेक मुले पुन्हा शाळेबाहेर गेली. टांझानियाने १९७४ च्या मुसोमा ठरावाद्वारे सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचे १९८९ चे लक्ष्य १९७७ वर आणले. पुरेसे शिक्षक उपलब्ध नसल्याने सातवी उत्तीर्ण तरुणांना गावातच, अनुभवी शिक्षकांच्या व नभोवाणीच्या साहाय्याने प्रशिक्षण देऊन वर्गावर पाठवण्यात आले.

१९८० च्या सुमारास टांझानियातील ढोबळ पटनोंदणीचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर, तर केनियातील १०० टक्क्यांच्याही वर होते. त्या वेळी दोन्ही देशांत प्राथमिक टप्पा सात वर्षांचा होता. नोंदणीचे प्रमाण टप्प्याच्या कालावधीने गुणल्यास अपेक्षित वर्षांचा स्थूल अंदाज मिळतो. त्यानुसार टांझानियातील बालकाच्या वाट्याला साडेसहा वर्षांच्या आसपास कालावधी येतो, तर केनियातील बालकाच्या वाट्याला सातहून अधिक वर्षे येतात. सात वर्षांच्या शाळेत सातहून अधिक वर्षे मिळणे म्हणजे अधिक शिक्षण मिळणे नव्हे. अधिक वयाची व त्याच इयत्तेत पुन्हा बसलेली मुले या आकड्यात मोजली जातात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

गृहीतकाचा भंग

प्रमाण कायम राहील ही अपेक्षा पुढील दशकात फोल ठरली. युगांडाशी झालेले १९७८-७९ चे युद्ध, तेलाची दरवाढ व निर्यात पिकांचे घसरलेले भाव यांमुळे टांझानियाची अर्थव्यवस्था खचली. १९८४ मध्ये शाळांत पुन्हा पालकांचा आर्थिक वाटा घेणे सुरू झाले. १९९० च्या सुमारास नोंदणीचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे अपेक्षित वर्षे सुमारे पाचवर घसरली. केनियात १९८८ पासून खर्च-विभागणीचे धोरण आले आणि तेथेही घट झाली. समाजवादी व बाजारवादी अशा दोन्ही राज्यव्यवस्थांत खर्चाचा भार कुटुंबावर पडताच परिणाम एकच झाला.

पुढील उभारीही शुल्कमाफीनेच झाली. टांझानियाने २००१ मध्ये शुल्क रद्द केले. तेथील पटसंख्या २००० मधील सुमारे ४४ लाखांवरून २००५ पर्यंत सुमारे ७५ लाखांवर गेली. केनियात २००३ मध्ये म्वाई किबाकी यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केल्यावर पटसंख्या सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर पोहोचली. २००४ मध्ये किमानी मारुगे हे ८४ वर्षांचे गृहस्थ एल्डोरेट येथे पहिलीत दाखल झाले. ढोबळ पटनोंदणीत सहा वर्षांच्या मुलाइतकेच तेही एक विद्यार्थी म्हणून गणले जातात. त्यांच्या पिढीला नाकारलेल्या शाळेचा इतिहास मात्र त्या नोंदीत उमटत नाही.

व्याख्येचा प्रश्न

१९८५ मध्ये केनियाने ८-४-४ ही रचना स्वीकारून प्राथमिक टप्पा आठ वर्षांचा केला, तर टांझानियाने सातच वर्षे कायम ठेवली. त्यामुळे एकही नवे मूल शाळेत न येता केनियाचा आकडा वाढू शकत होता. उलट युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केनियाच्या त्या आठ वर्षांपैकी पहिली सहाच प्राथमिक मानली जातात. त्या हिशेबाने केनिया टांझानियाच्या मागे पडल्यासारखा दिसतो. २०१७ पासून केनियाने सहा वर्षांच्या प्राथमिक टप्प्याची नवी रचना टप्प्याटप्प्याने लागू केली. आठवीअखेरची जुनी परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली.

निष्कर्ष

अपेक्षित शालेय वर्षे हा एका विशिष्ट वर्षाच्या परिस्थितीचा छेद आहे. बालकाच्या भावी शिक्षणाची ती हमी नव्हे. १९८० च्या आकड्याने दाखवलेली वर्षे १९९० च्या सुमारास शाळेच्या दारात उभ्या असलेल्या टांझानियन बालकाला मिळाली नाहीत, कारण मधल्या काळात शाळेचा खर्च पुन्हा त्याच्या घरावर आला होता. म्हणून दोन शेजारी देशांचे आकडे शेजारी मांडताना तीन बाबी तपासणे आवश्यक ठरते : प्राथमिक टप्प्याची व्याख्या, पुनरावृत्ती व अधिक वयाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण, आणि शाळेचा खर्च त्या काळी कोण उचलत होते. पहिल्या दोन बाबी सांख्यिकीच्या कक्षेत येतात. तिसरीचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.