बिनतारी की वायरचा? गेम कंट्रोलर निवडताना काय पाहावे

कोलकाता : दिवाणखान्यातील टीव्हीसमोर मुले फुटबॉलचा गेम खेळत असतात, कोणाचा तरी पाय वायरीत अडकतो आणि कन्सोल टेबलावरून खाली येतो. दुसऱ्या घरात सामना रंगात आलेला असताना बिनतारी कंट्रोलरची बॅटरी संपते. व्हिडिओ गेमचा कंट्रोलर वायरचा घ्यावा की बिनतारी, या प्रश्नाचे मूळ अशा साध्या प्रसंगांत आहे. मध्य कोलकात्यातील चांदनी चौकासारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दोन्ही प्रकारचे कंट्रोलर शेजारी-शेजारी विकले जातात आणि ‘वायरचा वेगवान, बिनतारी सोयीचा’ या एका वाक्यात बहुतेक वेळा निवड उरकली जाते. हे वाक्य पूर्णतः चूक नाही. मात्र ते अपुरे आहे. खेळण्याची जागा कोणती, पडदा कोणता आणि झिजलेला भाग बदलता येतो की नाही, या तीन गोष्टी वायरीपेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

बिनतारी लहरी आणि कोलकाता

बिनतारी तंत्रज्ञानाच्या इतिहासात कोलकात्याचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये येथील टाऊन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले. भिंतींमधून पार गेलेल्या लहरींनी दूर ठेवलेली घंटा वाजवली आणि दारूगोळा पेटवला. बोस यांनी अवघ्या ५ मिलिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ६० गिगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरींवरही काम केले. १८९४ ते १८९६ या काळातील त्यांच्या या प्रयोगांना ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली.

या संशोधनाचा धागा गेमिंगपर्यंत येऊन पोहोचतो. एचटीसी कंपनीच्या ‘व्हाइव्ह’ या आभासी वास्तव हेडसेटसाठी २०१८ मध्ये बाजारात आलेल्या बिनतारी जोडणीत याच ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा वापर करण्यात आला. गेम कंट्रोलर मात्र प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. बिनतारी कंट्रोलर घरोघरी पोहोचण्यामागील हे एक कारण आहे आणि त्याच्या अडचणींचे मूळही याच पट्ट्यात आहे.

वायरीपासून सुटकेचा प्रवास

घरगुती व्हिडिओ गेमची सुरुवात वायरीनेच झाली. १९७२ मध्ये आलेल्या ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ या पहिल्या घरगुती कन्सोलचे कंट्रोलर वायरीने जोडलेले होते. पुढे टीव्हीच्या रिमोटसारख्या अवरक्त किरणांवर चालणारे कंट्रोलर आले. परंतु मध्ये कोणी उभे राहिले की त्यांचा संपर्क तुटे. निन्टेन्डोने २००२ मध्ये ‘गेमक्यूब’साठी आणलेल्या ‘वेव्हबर्ड’ने रेडिओ लहरींचा पर्याय व्यवहार्य असल्याचे दाखवून दिले. त्यात कंपनाची सोय नव्हती. २००५ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ आणि २००६ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ व ‘वी’ आल्यानंतर बिनतारी कंट्रोलर हाच प्रघात झाला. आज मोठ्या कन्सोलसोबत मिळणारा मूळ कंट्रोलर बिनतारीच असतो. त्यामुळे वायरचा कंट्रोलर घ्यायचा की नाही, हा प्रश्न बहुधा दुसरा कंट्रोलर घेताना किंवा संगणकासाठी खरेदी करताना उभा राहतो.

विलंब नेमका कोठे होतो?

बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्यात कंट्रोलरचा वाटा हा अनेक वाट्यांपैकी एक असतो. कंट्रोलरकडून संकेत निघतो, कन्सोल किंवा संगणक तो स्वीकारतो, गेम पुढचे चित्र तयार करतो आणि टीव्ही त्यावर प्रक्रिया करून ते दाखवतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. ३० चित्रांच्या गेममध्ये हाच काळ ३३.३ मिलिसेकंद होतो. चांगल्या बिनतारी आणि वायरच्या कंट्रोलरमधील फरक बहुधा काही मिलिसेकंदांचाच असतो. याउलट, चित्र अधिक आकर्षक करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो, तिच्यात अनेक चित्रांइतका वेळ जाऊ शकतो. म्हणून कंट्रोलर बदलण्याआधी टीव्हीवरील ‘गेम मोड’ सुरू करून पाहणे हा बिनखर्चाचा आणि अनेकदा अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

वायर असली म्हणजे वेग आपोआप मिळतो, असेही नाही. यूएसबीने जोडलेल्या उपकरणाकडे संगणक ठरावीक अंतराने विचारणा करतो. ही विचारणा सेकंदाला १२५ वेळा होत असेल, तर दोन विचारणांमध्ये ८ मिलिसेकंदांचे अंतर राहते. १००० वेळा होत असेल, तर ते १ मिलिसेकंदावर येते. स्वस्त वायरचा कंट्रोलर आणि चांगल्या प्रतीचा बिनतारी कंट्रोलर यांची तुलना केल्यास निकाल अपेक्षेच्या उलट लागू शकतो.

आणखी एक गैरसमज केबलबाबत आहे. बिनतारी कंट्रोलरला केबल जोडली म्हणजे तो वायरचा झाला, असे प्रत्येक वेळी घडत नाही. ‘एक्सबॉक्स ३६०’च्या बिनतारी कंट्रोलरची चार्जिंग केबल केवळ वीज पुरवत असे, संकेत रेडिओ लहरींनीच जात. प्लेस्टेशनमध्ये संपर्काची पद्धत सेटिंगमध्ये जाऊन ‘यूएसबी केबल’ अशी निवडता येते. शिवाय काही केबलमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. अशा केबलने कंट्रोलर चार्ज होतो, पण संगणकाला तो जोडला गेल्याचे कळतही नाही.

गर्दीचा पट्टा

दाट वस्तीच्या शहरातील सदनिकेत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मोठी गर्दी असते. स्वतःच्या घरातील वाय-फाय, शेजाऱ्यांचे वाय-फाय, ब्लूटूथ हेडफोन, बिनतारी माउस आणि कीबोर्ड ही सारी उपकरणे याच पट्ट्यात असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्यातून होणारी अल्प गळती जवळच्या बिनतारी उपकरणांना अडथळा आणू शकते. यावर तोडगा म्हणून पारंपरिक ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करते आणि सेकंदाला १६०० वेळांपर्यंत एका भागातून दुसऱ्या भागात उडी घेते. गर्दीचे भाग टाळण्याची सोयही त्यात आहे. त्यामुळे घरगुती वापरात संपर्क सहसा टिकून राहतो. तरीही बटण दाबलेले मध्येच न लागणे किंवा पात्र आपोआप एकाच दिशेने पळत राहणे असे प्रकार घडू लागल्यास लहरींच्या गर्दीची शक्यता प्रथम तपासावी.

राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल, तर फोन, टीव्ही आणि कन्सोल त्या पट्ट्यावर हलवावेत. संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये किंवा त्याच्या शेजारी असल्यास त्या पोर्टमधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या संकेतात मिसळतो. हात-दीड हात लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर पुढे, खेळाडूच्या दिशेने आणला तरी फरक पडतो. माणसाचे शरीरही या लहरी शोषून घेते. त्यामुळे रिसीव्हर संगणकाच्या मागे दडवण्यापेक्षा समोर ठेवणे इष्ट.

झीज कशाची होते?

दीर्घकाळ वापराचा विचार केला, तर दोन प्रकारांतील खरा फरक येथे दिसतो. वायरच्या कंट्रोलरमध्ये केबल आणि तिचे टोक सर्वप्रथम झिजते. केबल सुटी करता येत असेल, तर नवी लावून काम भागते. ती कंट्रोलरमध्येच पक्की बसवलेली असेल, तर दुरुस्तीशिवाय गत्यंतर नसते. बिनतारी कंट्रोलरमध्ये बॅटरी उतरणीला लागते. ‘प्लेस्टेशन ५’च्या ‘ड्युअलसेन्स’मध्ये १५६० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी आत बसवलेली असते, ती वापरकर्त्याने सहज बदलावी अशी रचना नाही. एक्सबॉक्सचा मूळ बिनतारी कंट्रोलर मात्र दोन पेन्सिल सेलवर चालतो. चार्ज होणारे सेल वापरल्यास वर्षांनंतर केवळ सेल बदलावे लागतात, कंट्रोलर नाही. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. परीक्षेच्या काळात कंट्रोलर कपाटात ठेवायचा असेल, तर तो अर्धवट चार्ज करून ठेवावा.

स्टिक आपोआप सरकण्याची तक्रार, जिला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, दोन्ही प्रकारांत सारखीच उद्भवते. बहुतेक स्टिकमध्ये घर्षणाने झिजणारे पोटेन्शिओमीटर असतात. चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या ‘हॉल इफेक्ट’ सेन्सरमध्ये असा प्रत्यक्ष घर्षणाचा भाग नसल्याने त्यांची झीज कमी होते. रोज तासन्‌तास खेळणाऱ्यांनी वायर की बिनतारी यापेक्षा स्टिकचा प्रकार आधी विचारावा.

स्पर्धेसाठी कोणता?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्ससाठी पदके देण्यात आली आणि ‘स्ट्रीट फायटर ५’ हा त्यातील एक प्रकार होता. अशा लढतीच्या गेममध्ये एकेका चित्राचा हिशेब असतो. मात्र स्पर्धेत वायरचा आग्रह धरला जाण्याचे कारण केवळ वेग नाही. एकाच सभागृहात अनेक बिनतारी कंट्रोलर सुरू असतात आणि आधीच्या खेळाडूचा कंट्रोलर कन्सोलशी जोडलेला राहिला असेल, तर दूर कोठेतरी दाबलेल्या बटणामुळे चालू सामना थांबू शकतो. बॅटरी संपण्याचा धोका वेगळाच. स्पर्धेच्या तयारीत असणाऱ्याने वायरचा कंट्रोलर, जादा केबल आणि आयोजकांची नियमावली या तीन गोष्टी सोबत ठेवाव्यात. केबल निसटू नये म्हणून सोनीच्या ‘ड्युअलसेन्स एज’सारख्या काही कंट्रोलरमध्ये ती जागेवर घट्ट धरून ठेवणारी सोय असते.

खरेदीपूर्वी तपासणी

कंट्रोलर कशाला जोडायचा आहे, हे प्रथम निश्चित करावे. ‘प्लेस्टेशन ४’चा कंट्रोलर ‘प्लेस्टेशन ५’वर जुने गेम चालवतो, मात्र ‘प्लेस्टेशन ५’साठी तयार केलेले गेम त्यावर खेळता येत नाहीत. एक्सबॉक्स कन्सोल ब्लूटूथ नव्हे, तर स्वतःची स्वतंत्र बिनतारी पद्धत वापरते. त्यामुळे पाकिटावर केवळ ‘ब्लूटूथ’ लिहिलेला कंट्रोलर त्या कन्सोलवर चालेलच असे नाही. संगणकावर ‘ड्युअलसेन्स’ची विशेष कंपने अनेक गेममध्ये यूएसबी केबल लावल्यावरच मिळतात. एक्सबॉक्सचा कंट्रोलर ब्लूटूथने जोडल्यास त्याच्या हेडफोन जॅकमधून आवाज येत नाही. फोनवर खेळणाऱ्यांसाठी ब्लूटूथ हाच सोयीचा मार्ग आहे.

पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश यांचा उल्लेख असणे वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. या माहितीशिवाय विकला जाणारा, नामांकित कंपनीच्या वस्तूसारखा दिसणारा स्वस्त कंट्रोलर संशयास्पद समजावा. लिथियम बॅटरी असलेल्या अनधिकृत वस्तूत प्रश्न केवळ खेळाचा नसतो, सुरक्षिततेचाही असतो. पक्के बिल घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिघडलेला कंट्रोलर आणि फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा आणि बॅटरी कचरा यांच्यासाठी २०२२ चे स्वतंत्र नियम लागू असून, अशा वस्तू अधिकृत संकलकाकडेच देणे अपेक्षित आहे.

कोणी काय घ्यावे?

टीव्हीपासून दूर सोफ्यावर बसून खेळणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः घरात लहान मुले किंवा ज्येष्ठ नागरिक असतील तर, बिनतारी कंट्रोलर योग्य; जमिनीवर पसरलेली वायर ही अशा घरात अपघाताला निमंत्रण असते. टेबलावरील संगणकासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याला कमी खर्चात सुट्या केबलचा वायरचा कंट्रोलर पुरेसा आहे. स्पर्धेत उतरणाऱ्याने वायरचाच वापर करावा. दोन्ही गरजा असतील, तर केबलनेही संकेत पाठवू शकणारा बिनतारी कंट्रोलर घ्यावा आणि ती सोय आपल्या कन्सोलवर किंवा संगणकावर चालते याची खात्री दुकानातच करून घ्यावी. जो भाग आधी झिजणार आहे, तो सहज बदलता येत असेल, तर दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारातील खर्च वाया जात नाही.