पाने व गोट्या, मोटारसायकलींच्या

नट-बोल्टचे षट्कोनी डोके पकडून फिरवण्याची हत्यारे. पान्याचे तोंड आणि दांडा एकाच तुकड्यात घडवलेले असतात. गोटी सुटी असते व तिच्या पाठच्या चौकोनी भोकात रॅचेट, टी-दांडा किंवा टॉर्क रेंच बसवतात. मोटारगाडीच्या मानाने मोटारसायकलीचे बोल्ट बारीक, जागा अडचणीची आणि इंजिनाची आवरणे बहुधा ॲल्युमिनियमची असतात. त्यामुळे कोपरे गोल होणे व आटे जाणे ही दोन्ही नुकसाने येथे फार लवकर ओढवतात.

निवड : संच किती नगांचा, हा प्रश्न दुय्यम आहे. गाडी कोणत्या देशाच्या मापपद्धतीवर घडली, हे आधी पाहावे लागते. हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० यांसारख्या गाड्यांबरोबर १९८०च्या दशकात जपानी मापे भारतात रुळली. त्यांना ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मिमी एवढ्या मापांत बहुतेक काम भागते. एम ८ बोल्टचे डोके जपानी पद्धतीत १२ मिमी, तर युरोपीय पद्धतीत १३ मिमी असते. एम १०चे डोके जपानी गाडीत १४, जुन्या जर्मन मानकात १७ आणि आंतरराष्ट्रीय मानकात १६ मिमी. म्हणून पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएमसाठी १३ची गोटी आणि टॉर्क्स (सहा पाकळ्यांचे) बिट लागतात, आणि जपानी मापांच्या स्प्लेंडरवाल्याच्या पेटीत ती वर्षानुवर्षे पडून राहतात. इंजिनाच्या आवरणावरील एम ६ बोल्टांना जपानी कंपन्या अनेकदा १०ऐवजी ८ मिमीचे कॉलरवाले डोके देतात. होंडाच्या लहान इंजिनांत टॅपेटच्या लॉकनटला ९ मिमीचा पाना लागतो. बाजारातील दुतोंडी पान्यांच्या जोड्यांत ८-९ ही जोडी मिळते ती टाळू नये.

ब्रिटिश आटे : जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेली ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत, तिचेच बारीक आट्यांचे रूप बीएसएफ, आणि इंचाला २६ आटे असलेला ६० अंशांचा सायकल आटा, असे तिन्ही प्रकार जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत शेजारी शेजारी आढळतात. रेडिचच्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्ससोबत १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी केली आणि बुलेटबरोबर हे आटेही भारतात आले. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा तोंडाचे माप सांगत नाही. तो बोल्टच्या दांड्याचा व्यास असतो. बीएसएफचे डोके त्याच व्यासाला एक पायरी लहान असल्यामुळे एकाच पान्यावर दोन आकडे कोरलेले दिसतात. ‘दोन सूत’ म्हणजे पाव इंच व्हिटवर्थचे तोंड ०.५२५ इंच, अर्थात १३.३ मिमी भरते : १३चा पाना चढत नाही, १४चा डुलतो. दीड सुताचे तोंड ११.३ मिमी, अडीच सुताचे १५.२ मिमी. तीन सुताचे मात्र १८.०३ मिमी असल्याने १८चा मेट्रिक पाना कधी कधी ठोकून बसवला जातो. जुन्या बुलेटींचे जे नट आज गोल झालेले सापडतात, त्यांतले कित्येक या पाऊण मिलिमीटरच्या तडजोडीचे बळी आहेत. भारतीय बुलेटमध्ये मेट्रिक आटे टप्प्याटप्प्याने आले, शिवाय दुरुस्तीत मिळेल तो बोल्ट लावला गेला. त्यामुळे एकाच इंजिनावर दोन्ही पद्धती भेटू शकतात. अशा गाडीवर पाना उचलण्याआधी व्हर्नियर लावावा. जुनी बुलेट राखणाऱ्याने व्हिटवर्थ रिंग पान्यांचा एक संच स्वतंत्र ठेवणे अगत्याचे आहे.

पान्यांचे प्रकार : उघड्या तोंडाचा फिक्स पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सर्व कोपऱ्यांभोवती बसतो. म्हणून बोल्ट रिंगने सैल करावा व पुढे फिक्सने फिरवावा. फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंश तिरके असते. त्यामुळे दर खेपेस पाना उलटा केला की ३० अंशांच्या जागेतही काम होते. स्क्रू पाना (ॲडजस्टेबल) स्वीडनमध्ये योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ मध्ये आजच्या रूपात आणला. त्याचा जबडा भाराखाली किंचित उघडतो, म्हणून इंजिनाच्या बोल्टांना तो लावू नये.

गोट्या : चौकोनी भोक पाव इंच, तीन सूत (३/८ इंच) व अर्धा इंच या मापांचे. मोटारसायकलीला तीन सुताचा संच सर्वांत उपयोगी. आवरणाच्या बोल्टांना पाव इंच, चाकाच्या धुऱ्याच्या नटांना अर्धा इंच. गोटी सहा कोनी घ्यावी. बारा कोनी गोटी अडचणीत लवकर बसते, पण गंजलेल्या बोल्टवर कोपऱ्यांनाच भिडते. बदलत्या गोट्यांचा धंदा अमेरिकेत स्नॅप-ऑनने १९२० मध्ये पाच दांडे व दहा गोट्यांनी सुरू केला. होंडाच्या लहान इंजिनांत तेल गाळणाऱ्या फिरकीच्या खाचांच्या नटाला खास चार दातांची गोटी लागते. तो नट छिन्नीने ठोकून काढण्याची गॅरेजांतली रीत सर्रास असली तरी समर्थनीय नाही.

प्लग पाना : १० मिमी आट्यांच्या प्लगला (सीडी १००, पल्सर) १६ मिमी, १२ मिमीच्याला १८ मिमी, १४ मिमीच्या जुन्या धाटणीच्या प्लगला (आरएक्स १००, बुलेट) २१ मिमी. आत रबर असलेली गोटी बरी.

टॉर्क : एम ६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. १० सेंमी लांबीच्या पान्यावर हा सुमारे १० किलोचा, तर २५ सेंमीच्या दांड्यावर अवघा ४ किलोचा जोर होतो. लांब रॅचेटने आवरणाचे बोल्ट तुटतात त्याचे कारण हेच. क्लिक होणारा टॉर्क रेंच बोल्ट सोडवण्यासाठी वापरू नये व काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. आट्यांना तेल लावावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. तेल लावल्यास त्याच टॉर्कला बोल्टवर ताण अधिक येतो.

धातू व निर्मिती : क्रोम-व्हॅनेडियम पोलाद. भारतीय मानके आयएस २०२८ (फिक्स) व आयएस २०२९ (रिंग). नाशिकची टपारिया व जालंधरचे कारखाने प्रसिद्ध. इम्पॅक्ट गनसाठी काळ्या क्रोम-मॉलिब्डेनम गोट्याच वापरतात.

उलटे आटे : यामाहाच्या गाड्यांत उजव्या आरशाचा आटा सहसा उलटा असतो.