उभ्या इंजिनाची नाडी

धावत्या मोटारीपेक्षा उभ्या मोटारीचा दोष ओळखणे अधिक अवघड असते, असे म्हटले तर सामान्य माणसाला ते विचित्र वाटेल. परंतु मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात ज्याने आयुष्य घालविले आहे, तो या विधानाला मान डोलावील. हमरस्त्यावर ताशी चाळीस मैलांनी विनातक्रार धावणारी गाडी रेल्वेच्या फाटकापाशी येऊन थांबते, आणि तिथे तिचे इंजिन थरथरू लागते. दिव्यांचा उजेड कमीजास्त होतो, गिअरची दांडी हातात कापते, आणि ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला की सारे काही एकदम शांत! मिस्त्रीच्या भाषेत गाडी ‘आयडलिंग धरीत नाही’. हा दोष नेमका कशात आहे हे शोधून काढण्यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाने जी उपकरणे घडविली, त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. आणि तो केवळ यंत्रांचा इतिहास नाही.

प्रथम या अवस्थेचे वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. गाडी उभी असताना इंजिन केवळ स्वतःपुरते जगत असते. हवा आत घेणाऱ्या वाटेवरील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि तिच्या फटीतून येणारी थोडकी हवा व तेवढेच थोडके पेट्रोल यांच्या बळावर इंजिनाला स्वतःचे घर्षण भागवून फिरत राहावयाचे असते. मागील फेरीतील जळका वायूही अशा वेळी सिलिंडरात अधिक प्रमाणात रेंगाळतो व नव्या मिश्रणाला पेट घेऊ देत नाही. गॅस्केटमधील केसाएवढ्या चिरेतून चोरून येणारी हवा भर वेगात समुद्रात पडलेल्या घागरीसारखी हरवून जाते. उभ्या इंजिनात मात्र तीच हवा सारे मिश्रण बिघडवून टाकते. संपन्न घरात न जाणवणारा चार पैशांचा तोटा गरिबाच्या चुलीपर्यंत पोचतो, तसाच हा प्रकार होय.

यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे बाहेरून पाहण्याची पहिली युक्ती पेट्रोल इंजिनाच्या जन्मापूर्वीच, बाष्पयंत्राच्या काळात निघाली. जेम्स वॉट याने सिलिंडरातील दाब दाखविणारे एक लहानसे उपकरण केले होते. १७९६ साली त्याचा साहाय्यक जॉन सदर्न याने त्याला पेन्सिल व सरकती फळी जोडली, आणि वाफेचा दाब कागदावर स्वतःची आकृती काढू लागला. वॉटच्या कारखान्याने ही युक्ती पुष्कळ वर्षे गुप्त ठेवली, यावरूनच तिचे मोल कळून येते. ज्याच्याजवळ ती आकृती होती, त्याला झडप उशिरा उघडते की वाफ कुठे गळते हे यंत्र न उघडता सांगता येत असे. इतरांना ते अंदाजानेच सांगावे लागे.

पेट्रोलच्या इंजिनाने मात्र या विद्येचा वारसा लगेच घेतला नाही. निकोलाउस ओटो याचे चार टप्प्यांचे इंजिन १८७६ चे, कार्ल बेंझ याच्या तीनचाकी गाडीचे पेटंट १८८६ चे, आणि विल्हेल्म मायबाख याचा फवाऱ्याचा कार्बुरेटर १८९३ चा. बॉशच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्यासोबत स्पार्क प्लग तयार केला. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने बॅटरी व कॉइल यांवर चालणारी प्रज्वलनपद्धती रूढ केली. त्याच्या डेटन गावच्या कंपनीच्या नावातील आद्याक्षरांपासून ‘डेल्को’ हा शब्द झाला. आपल्याकडील कित्येक मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणत आले, ते याच कंपनीचे नाव होय. कंपनीचे नाव सुट्या भागाला चिकटावे आणि कंपनीच विस्मरणात जावी, हे शब्दांच्या बाबतीत नेहमीच घडते.

या आरंभीच्या काळात परीक्षेचे साधन एकच होते, ते म्हणजे कान. मिनिटाला सातशे फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला सुमारे तेवीस स्फोट होतात. त्यांतील एक सिलिंडर निकामी झाला तर सेकंदाला सहा वेळा खंड पडतो, आणि तो खंड सरावलेल्या कानाला तबल्यातील चुकलेल्या मात्रेसारखा खटकतो. कोणता सिलिंडर चुकतो आहे हे ठरविण्यासाठी लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेका प्लगची वीज इंजिनाच्या अंगाला टेकवून ठिणगी बंद करीत. ज्या प्लगची ठिणगी तोडल्यावर इंजिनाची चाल मंदावते, तो सिलिंडर कामाचा. ज्याची तोडूनही चालीत फरक पडत नाही, तोच आळशी. ही रीत साधी असली तरी पूर्णपणे शास्त्रीय आहे. पुढे वेगमापक काटा आला तेव्हा ‘मंदावली’ या शब्दाच्या जागी ‘पन्नास फेरे उतरले’ असे म्हणता येऊ लागले, इतकेच. (आजच्या इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या गाड्यांवर हा प्रयोग त्याच रांगड्या पद्धतीने केल्यास महागडे भाग जळतात, हेही सांगून ठेवले पाहिजे.)

परंतु कान ‘कोणता’ हे सांगतो, ‘का’ हे सांगत नाही. सिलिंडर चुकतो, तो प्लग मेल्यामुळे, झडप जळल्यामुळे, की हवा गळत असल्यामुळे? याचे उत्तर ठाऊक नसलेला मिस्त्री आधी प्लग बदलतो, मग पॉइंट, मग कॉइल, मग कार्बुरेटर; आणि प्रत्येक बदलाचे बिल गाडीच्या मालकाच्या नावे लिहिले जाते. गाडी शौकाची असेल तर मालक कुरकुर करून थांबतो. भाड्याच्या टॅक्सीवर ज्याचे घर चालते त्याचे मात्र कमाईचे दिवस बुडतात. निदानाच्या उपकरणांची खरी गरज येथे उत्पन्न झाली.

या उपकरणांत सर्वांत साधे, स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत बोलके साधन म्हणजे व्हॅक्यूम गेज. टॉरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीत हवेचे वजन तोलून दाखविले, व १८४९ साली फ्रान्समधील यूजीन बूर्दों याने वाकड्या नळीचा दाबमापक काटा केला. त्या दोघांचा हा वंशज. इंजिनाच्या मॅनिफोल्डला रबरी नळीने तो जोडावयाचा आणि आत किती पोकळी निर्माण होते ते पाऱ्याच्या इंचांत वाचावयाचे. समुद्रसपाटीवरील निरोगी इंजिन उभ्या अवस्थेत साधारणतः १७ ते २२ इंचांच्या दरम्यान काटा स्थिर धरते. ‘स्थिर’ या शब्दातच सारे मर्म आहे. काटा ठराविक अंतराने एकदाच खाली झटका देत असेल तर एखादी झडप जळलेली किंवा नीट न बसणारी समजावी. उभ्या अवस्थेत तो भराभर थरथरतो व वेग वाढविताच स्थिरावतो, तेव्हा झडपांचे गाइड झिजलेले असतात. उलट वेगाबरोबर थरथर वाढली तर स्प्रिंग दुबळ्या. चार-पाच इंचांच्या टप्प्यात तो संथपणे झुलत राहिला तर दृष्टी कार्बुरेटरच्या मिश्रणाकडे वळवावी. स्थिर राहून फारच खाली बसला असेल, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असण्याचा संभव मोठा. वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून नाडीची गती व चाल पाहतो, त्याच्याशी या परीक्षेचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल.

पण नाडी पाहणाऱ्याला ऋतू आणि देश यांचे भान असावे लागते. समुद्रसपाटीपासून दर हजार फूट चढल्यावर या काट्याचे वाचन सुमारे एक इंचाने उतरते. पणजीला २० इंच दाखविणारे इंजिन अडीच हजार फुटांवरील बेळगावास साडेसतराच्या आसपास दाखवील, आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर ते पंधरा-साडेपंधरावर येईल. इंजिनात तसूभरही फरक पडलेला नसतो. हवाच विरळ झालेली असते. लंडन वा डेट्रॉइट येथे छापलेल्या पुस्तकांतील आकडे जसेच्या तसे प्रमाण मानणाऱ्याने घाटमाथ्यावर धडधाकट इंजिने उघडून ठेवली, तर त्यात नवल नाही. पुन्हा असे की, एकच वाचन अनेक रोगांचे लक्षण असू शकते. काटा स्थिर पण किंचित खाली असेल, तर ठिणगी उशिरा पडत असेल अथवा झडपांची वेळ चुकली असेल. काट्याला त्यांतील भेद कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या साक्षीदाराची आवश्यकता असते.

हा दुसरा साक्षीदार म्हणजे टायमिंग लाइट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरोल्ड एजर्टन याने १९३१ च्या सुमारास क्षणदीपाचे तंत्र विकसित केले. फिरत्या यंत्राची चाल त्याच्याच लयीत चमकणाऱ्या प्रकाशात थांबल्यासारखी दिसते. कारखान्यातील दिवा हा याच तत्त्वावर चालतो. पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीबरोबर तो चमकतो आणि फिरत्या पुलीवरील खूण जागच्या जागी उभी राहिलेली दिसते. सातशे फेऱ्यांच्या गतीत पाच अंशांचा फरक म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडासाच अधिक काळ. एवढा अवधी कोणत्याही कानाला मोजता येणे शक्य नाही. खूण एका ठिकाणी न राहता इकडेतिकडे हिंदकळू लागली, तर डिस्ट्रिब्यूटरचा दांडा झिजला आहे हेही त्याच प्रकाशात उघड होते.

ठिणगीचे अंतरंग दाखविण्याचे काम ऑसिलोस्कोपने केले. कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ साली बनविलेली कॅथोड किरणांची नळी दुसऱ्या महायुद्धानंतर प्रयोगशाळेतून मोटारीच्या कारखान्यात आली. पडद्यावर एकेका सिलिंडरची उंच रेषा उभी राहते; ती ठिणगी पेटण्यास लागलेला विजेचा दाब दाखविते. एकच रेषा इतरांहून उंच असेल तर त्या प्लगची फट वाढलेली, त्याची तार तुटकी अथवा त्या सिलिंडरातील मिश्रण पातळ. सर्वच उंच असतील तर दोष कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरच्या रोटरपर्यंतच्या सामाईक वाटेवर. रेषा ठेंगणी असेल तर प्लग काजळीने माखला आहे, किंवा सिलिंडरातील दाबच उतरला आहे.

आतापर्यंतची सारी उपकरणे मालकाच्या सोयीसाठी होती. पुढचे उपकरण मात्र रस्त्यावरील माणसासाठी आले. कार्बन मोनॉक्साइड रक्ताला कसे बांधून टाकतो हे जे. एस. हाल्डेन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले होते. न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालून मोटारींसाठी बोगदा खणावयाचा ठरला, तेव्हा या विषाचा प्रश्न प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहिला. मोटारींच्या धुराचे शास्त्रशुद्ध पृथक्करण झाले, माणसाला किती प्रमाण सोसते याचे प्रयोग झाले, आणि १९२७ साली उघडलेल्या हॉलंड बोगद्यात हवा खेळविण्यासाठी ८४ पंखे बसविण्यात आले. १९५० नंतर लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरविणाऱ्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या व कारखान्यांच्या वाफेत आहे, हे आरी हागेन-श्मिट याने सिद्ध केले. त्यानंतर अवरक्त किरणांनी धूर तपासणारे उपकरण कारखान्यात आवश्यक ठरत गेले. त्याच्या आकड्यांत निदानही असते. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर पेट्रोल अधिक. तो कमी असूनही न जळलेले पेट्रोल वाढलेले दिसले तर मिश्रण पातळ होऊन स्फोट चुकत आहेत, असे समजावे.

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उभ्या इंजिनाच्या धुरावरच मर्यादा घातली: पेट्रोलच्या चारचाकीस ३ टक्के आणि दुचाकी-तिचाकीस साडेचार टक्के कार्बन मोनॉक्साइड. २००४ पासून नव्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ती अर्ध्या टक्क्यावर आली, व न जळलेल्या पेट्रोलचीही गणना सुरू झाली. ज्या अवस्थेकडे मालक ‘थोडी थरथरते, चालायचेच’ म्हणून काणाडोळा करीत असे, तीच कायद्याच्या मोजमापाची जागा बनली. मात्र मोजमाप करणाऱ्या केंद्रात दाखला मिळतो, निदान मिळत नाही; नापास झालेला वाहनधारक पुष्कळदा मिश्रणाचा स्क्रू पिळून तेवढ्यापुरता आकडा उतरवून घेतो व दाखला खिशात घालून तो पुन्हा सोडवितो, हे दुर्दैवाने सर्वश्रुत आहे.

मिश्रणाचा तो स्क्रूच पुढे नाहीसा झाला. १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनपद्धती आली, १९७६ साली व्होल्व्होने धुरातील ऑक्सिजन ओळखणारा संवेदक बसविला, आणि १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीत दोष स्वतःच नोंदविणारी व्यवस्था सक्तीची झाली. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. या व्यवस्थेने एक नवीच अडचण निर्माण केली आहे. कार्बुरेटरच्या गाडीत हवा गळू लागली की इंजिन लगेच रडू लागे. संगणकाची गाडी ती गळती ओळखते, मुकाट्याने पेट्रोल वाढवून भरपाई करते आणि मालकाला कळूही देत नाही. भरपाईची सीमा संपते तेव्हाच फलकावरील दिवा लागतो. मग यंत्र जोडले की ‘मिश्रण पातळ’ असा संकेतांक येतो. तो रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे, हे न ओळखणारा कारीगर ऑक्सिजनचा संवेदक बदलून मोकळा होतो. हा भाग स्वस्त नसतो, आणि दिवा चार दिवसांनी पुन्हा लागतो.

अशा वेळी जाणता कारीगर इंधनभरपाईचे आकडे प्रथम उभ्या अवस्थेत आणि नंतर अडीच हजार फेऱ्यांवर वाचतो. उभ्या अवस्थेत भरपाई पुष्कळ व वेगात जवळजवळ नाही असे दिसले, की हवा गळते आहे हे तो ताडतो. हे समुद्रातील घागरीचेच गणित होय. मग इंजिन बंद करून मॅनिफोल्डमध्ये अगदी हलक्या दाबाने पांढरा धूर सोडावयाचा आणि दिवा घेऊन वाट पाहावयाची. दोन-तीन मिनिटांत इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे हातही नीट पोचत नाही अशा एखाद्या तडकलेल्या रबरी नळीतून, धुराची बारीक रेघ वर येऊ लागते.