आजारपण श्रावणात, ज्वारी मार्गशीर्षात

शाळेची सहल सेवाग्रामला गेली की मुले बापूकुटी पाहतात, झाडाखाली डबे खातात आणि संध्याकाळपर्यंत घरी परततात. आश्रमाजवळच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे त्यांना सहसा कोणी नेत नाही, आणि रुग्णालयात सहल नेऊ नये हे योग्यच आहे. पण या रुग्णालयाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ते गणिताच्या, भूगोलाच्या आणि नागरिकशास्त्राच्या तासाला सारखेच उपयोगी पडावे. ते प्रकरण ज्वारीचे आहे.

गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले, तेव्हा तेथे ना धड रस्ता होता, ना दवाखाना. (विदर्भात दुसरे शेगाव प्रसिद्ध असल्याने टपालाचा घोळ होई, १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले.) हिवताप आणि हगवण ही तिथली नेहमीची दुखणी. १९४४ मध्ये कस्तुरबांचे निधन झाले आणि त्यानंतर लवकरच, आश्रमाजवळ पाहुण्यांसाठी बांधलेल्या एका घरात स्त्रिया व मुलांसाठी १५ खाटांचे छोटे रुग्णालय सुरू झाले. डॉ. सुशीला नायर यांनी ते वाढवले. पुढे त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, याच रुग्णालयाला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. खेड्यात काढलेले देशातले हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय.

खाटा झाल्या, डॉक्टर आले, यंत्रे आली. पण एक प्रश्न उरलाच. पंचक्रोशीतला शेतमजूर आजारी पडला तर खर्च कोणी द्यायचा?

हा प्रश्न देशापुढे आधीच मांडला गेला होता. भोर समितीने १९४६ सालच्या अहवालात असे तत्त्व घालून दिले होते, की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहू नये. तत्त्व उत्तम, पण तिजोरी लहान. कारखान्यातील कामगारांसाठी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये स्वतंत्र योजना निघाली. या दोन्ही योजनांचे मूळ शोधत गेलो तर आपण १८८३ सालच्या जर्मनीत पोहोचतो. बिस्मार्कने तेव्हा कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. हप्त्याचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा असे. पगार होतानाच हप्ता कापला जाई. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : माणसाला ठरलेल्या दिवशी ठरलेला पगार मिळतो. ज्याचे नाव कुठल्याच पगारपत्रकावर नाही, त्याचा हप्ता कापायचा कशातून?

आता वर्धा जिल्ह्यातले वर्ष कसे जाते ते पाहू. पेरणी मृगात. मग निंदण, डवरण. श्रावण-भाद्रपदात घरातली कणगी तळाला गेलेली असते. पूर्वी याच दिवसांत सावकाराकडून सवाई-दिढीने धान्य उचलण्याची वेळ येई. आणि ताप, जुलाब, सर्पदंश हे सगळे नेमके याच महिन्यांत. मजुरीचा हंगाम असल्याने आजारी माणसाची बुडालेली मजुरीही सगळ्यांत महाग. ज्वारी खळ्यावर येते कार्तिक-मार्गशीर्षात. कापसाचा पैसा त्याहून उशिरा. (१९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत चुकारा कधी हाती पडेल हा तर विदर्भातला कायमचा विनोद होता.) म्हणजे ज्या महिन्यात दुखणे येते त्या महिन्यात हात रिकामा असतो, आणि हातात चार पैसे येतात तेव्हा दुखणे ओसरलेले असते. गरिबीचा विचार करताना आपण वर्षाची मिळकत पाहतो. ती कोणत्या महिन्यात आली हे पाहत नाही, आणि आमच्या मते मोठी चूक तिथेच होते.

सेवाग्रामच्या वैद्यकशास्त्र विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. काळही तसाच होता. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सरकारने खेडोपाडी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना काढली होती, तर सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा आटा येथील परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा दिली. सेवाग्रामच्या मंडळींनी गावकऱ्यांबरोबर बसून एक साधी योजना आखली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ज्वारीच्या रूपात वर्गणी द्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीन असलेल्याने जमिनीच्या प्रमाणात जास्त. सेवा मात्र सगळ्यांना सारखी. जमलेल्या निधीतून गावाने निवडलेल्या आरोग्यसेवकाचे मानधन आणि गावातल्या औषधांचा खर्च भागायचा. रुग्णालयातून डॉक्टर व परिचारिका ठरावीक काळाने गावात यायच्या. आणि अचानक गंभीर आजार झाला तर कस्तुरबा रुग्णालयात भरती होऊन मोफत उपचार मिळायचे.

ज्वारीच का? आमच्या आजोळी देवळी तालुक्यात खळ्यावरची रास घरी येण्याआधीच तिच्यातून वाटे निघत. कामकऱ्यांचे, देवाचे, सालदाराचे. आजी सुपाने ते वेगळे करी. धान्य कणगीत पडले की त्यातून काढून देणे जिवावर येते, खळ्यावर तसे होत नाही. आरोग्याचा वाटा त्याच राशीतून काढणे ही नवी गोष्ट असली, तरी तिची रीत जुनी होती. शिवाय ज्याच्याकडे रोख पैसा क्वचितच येतो, त्यालाही ज्वारी देता येई, कारण मजुरीच अनेकदा ज्वारीत मिळे.

आता यातले गणित. ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एका डब्यात २० चिंचोके घ्या, त्यातल्या एकावर खूण करा. चिंचोका काढणारा प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक कुटुंब. खुणेचा चिंचोका निघाला तर त्या घरात यंदा कोणी तरी भरती झाले आणि २००० रुपये खर्च आला असे समजा. (हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, सेवाग्रामचे नव्हेत.) काढलेला चिंचोका पुन्हा डब्यात टाकायचा, असे शंभर वेळा. खूण साधारण पाच वेळा निघेल, म्हणजे एकूण खर्च १०,००० रुपये. शंभर घरांत वाटला तर प्रत्येकी १००. एकेकट्या घरापुढे मात्र दोनच शक्यता असतात, शून्य किंवा २०००.

प्रयोग पुन्हा करा. खूण कधी तीनदा निघेल, कधी सातदा. चारातल्या तीन वेळा ती संख्या ३ ते ७ यांमध्येच राहते. एका गावाचा निधी म्हणूनच एखाद्या वर्षी पुरेल, एखाद्या वर्षी तुटेल. पण दहा गावे एकत्र आली, घरे १००० झाली, तर अपेक्षा ५० ची आणि प्रत्यक्ष आकडा बहुतेक वेळा ४० ते ६० मध्ये. घरे दसपट झाली, पण चढउताराचे प्रमाण पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी झाले. यालाच जोखीम वाटून घेणे म्हणतात.

मात्र हे गणित एका गोष्टीने कोसळते. वर्गणी ऐच्छिक असेल तर ज्यांच्या घरी आधीच दुखणे आहे ते आधी नाव नोंदवतात. समजा शंभरातली फक्त ४० घरे आली आणि ती पाचही आजारपणे त्यांतच निघाली, तर प्रत्येकी २५० रुपये भरावे लागतील. मग त्यांतली धडधाकट घरे म्हणतात, हे काही परवडत नाही. ती गळाली, २० उरली, की प्रत्येकी ५००. शेवटी विम्यात फक्त आजारीच राहतात आणि विमा बुडतो. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले होते. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सेवाग्रामच्या योजनेत एक अट होती : गावातली निदान ७५ टक्के कुटुंबे सामील झाली तरच त्या गावाला योजना लागू. अकेरलॉफच्या प्रश्नाला दिलेले हे गावपातळीवरचे उत्तरच म्हणावे लागेल.

दुसरीही एक अट होती. हर्निया, मोतीबिंदू, नेहमीचे बाळंतपण अशा आधी कल्पना असलेल्या कारणांसाठी भरती झाल्यास खर्चाचा काही हिस्सा घरच्यांनी द्यायचा. साप चावेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. मोतीबिंदू पिकतो आहे हे वर्षभर आधी दिसत असते. अनिश्चित ते सगळ्यांनी मिळून सोसायचे आणि निश्चित त्यातले थोडे स्वतः, असा हा भेद आहे. बाळंतपण या दुसऱ्या गटात घालावे का, याबद्दल आमचे मन साशंक आहे. बाळंतपण अपेक्षित असते, पण त्यातली गुंतागुंत नसते.

१९८७ साली जागतिक बँकेने एक अहवाल काढून विकसनशील देशांना सुचवले, की सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घ्यावे आणि विमा वाढवावा. अशा वातावरणात ज्वारीच्या योजनेतून सोयीचा अर्थ काढणे अवघड नव्हते : पाहा, गरीबसुद्धा पैसे देऊ शकतात! पण हिशेब नीट पाहिला तर तसे दिसत नाही. सेवाग्रामच्या संस्थेच्या खर्चाचा अर्धा भाग केंद्र सरकार, पाव भाग राज्य सरकार आणि उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते, अशी तिची घडण आहे. शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी, प्राध्यापकांचे पगार हे ज्वारीतून निघणे शक्यच नव्हते. ज्वारीतून गावातली सेवा चाले आणि गावकऱ्याला रुग्णालयाच्या दारात हक्काने उभे राहता येई. हे दुसरे मोल पैशात मांडता येत नाही. जेथे अनुदानावर चालणारे रुग्णालय जवळ नाही, तेथे हीच योजना उचलून नेली तर नुसती पायली हाती उरेल. डॉ. जाजूंनी या अनुभवावर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लिहिले, देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. पण ते रुग्णालय कुठून आणायचे, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागला.

नंतर शेतच बदलले. १९९०च्या दशकात विदर्भात सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, त्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता. कर्जाच्या कारणांत बियाणे, नापिकी यांच्या जोडीला दवाखानाही असतो, हे गावात राहणाऱ्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ची. त्यांचा हप्ता सरकार भरते, तेव्हा सुगीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. हा मोठाच फरक आहे. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ साली ६४ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९ टक्क्यांवर आल्याचे सरकारी लेखे सांगतात. पण या योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. रक्तदाबाची दर महिन्याची गोळी, तपासणीची फी, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी त्यांत बसत नाही. ज्वारीच्या योजनेत गावातला आरोग्यसेवक आणि त्याच्या पेटीतली औषधे आधी होती, रुग्णालय नंतर. तो क्रम आता उलटा झाला आहे.

चिंचोक्यांच्या प्रयोगानंतर आणखी एक काम मुलांना देता येईल. फळ्यावर चैत्र ते फाल्गुन बारा रकाने आखावेत. गेल्या वर्षी घरात पैसा किंवा धान्य कोणत्या महिन्यात आले, आणि औषधपाण्यावर खर्च कोणत्या महिन्यात झाला, एवढेच घरी विचारून यायला सांगावे. आजार कोणता, कोणाला, किती रुपये लागले हे विचारू नये. चिठ्ठीवर नावही नको. मिळकतीची खूण पांढऱ्या खडूने आणि खर्चाची लाल खडूने करावी. पगारदारांच्या मुलांच्या पांढऱ्या खुणा बाराही रकान्यांत सारख्या पडतील. शेतमजुरांच्या मुलांच्या कुठे पडतात ते आधी मुलांनाच ओळखायला सांगावे.